खिडकीची मूठ

नोव्हेंबरातल्या एका दुपारी गेशे जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या नॉर्डेनच्या बाजारात हवेच्या यंत्राचे फिल्टर आणायला गेली होती. घराच्या माळ्यावर ते यंत्र बसवलेलं होतं आणि थंडी सुरू होताना त्याचे फिल्टर बदलावे लागत. दुकानदार ओळखीचा. पुडकं हातात देताना त्याने सहज विचारलं, "म्हातारबा कसे आहेत?"

"आहेत तसेच," गेशे म्हणाली. "मला छळण्यापुरता जीव अजून आहे."

दुकानदार हसला, तीही हसली आणि गाडी वळवून घराकडे निघाली. आभाळ खाली उतरलं होतं. समुद्रावरून वादळ येणार असं रेडिओ सकाळपासून सांगत होता.

समुद्राच्या बांधाखाली त्यांचं लाल विटांचं घर होतं. त्या मुलखात वारा म्हणजे घरातलंच माणूस. झाडं पूर्वेला कलूनच वाढायची आणि माणसं वाऱ्यावरून बोलायचं म्हणून आवाज चढवूनच बोलायची. गेशे ब्रेमेनची, शहरात वाढलेली. तिला तो वारा कधी मानवला नाही. लग्नानंतर कित्येक वर्षं तो फटीफटीतून आत शिरून तिच्या मानेवर फुंकर घालायचा आणि तिचा सासरा आयलर्ट ते बघून मिशीत हसायचा.

मग इम्के झाली, आणि तिला दमा निघाला. पोरीला रात्री कुशीत घेऊन गेशे तिच्या छातीतली शीळ ऐकत बसायची. दोनदा इस्पितळात ठेवावं लागलं. एक दिवस तिचा पलंग सरकवला तर मागच्या भिंतीवर बुरशी, तळहाताएवढ्या काळ्या चकत्यांची. त्याच दिवशी गेशेने नवऱ्याला फोन केला. फोको समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला, आठवडेच्या आठवडे बाहेर. ती म्हणाली, "एक तर हे घर नीट करायचं, नाही तर मी पोरीला घेऊन ब्रेमेनला चालले."

घर नीट झालं. भिंतींना जाड अस्तर लागलं, खिडक्यांना तीन-तीन काचा आल्या, दारांच्या कडांना रबर बसलं. सगळ्या फटी बुजल्या. आता घरात येणारी हवा यंत्रातून गाळून यायची आणि वापरलेली हवा यंत्रच बाहेर टाकायचं. प्रत्येक खोलीत भिंतीवर एक पांढरी पेटी होती. खोलीत माणसांचा उच्छ्वास किती साठला ते ती मोजायची, आणि सगळ्या खोल्यांचे आकडे स्वयंपाकघरातल्या पाटीवर दिसायचे. रिकाम्या खोलीचा आकडा बाहेरच्या मोकळ्या हवेइतका, चारशेच्या आसपास. माणूस झोपलं की तो पहाटेपर्यंत चढायचा. उठल्याबरोबर चहाच्या आधी गेशे त्या पाटीपुढे उभी राहायची, देवापुढे उभं राहावं तशी.

आणि खरंच, इम्केचा दमा पळाला. छातीतली शीळ बंद झाली.

राहिला तो म्हातारा. आयलर्ट हार्म्स जन्मभर गोठ्यात आणि गवताच्या गंजीत राबला होता आणि त्याच गवताच्या धुळीने त्याची छाती खाल्ली होती. त्याला सकाळ-संध्याकाळ खिडकी सताड उघडून तिच्यापुढे उभं राहायची सवय. कडाक्याची थंडी असो, शेजारच्या शेतात शेणखत पसरलेलं असो, म्हाताऱ्याची खिडकी उघडी. तिकडून पराग यायचे, धूळ यायची, आणि इम्के शिंकायला लागायची.

"सूनबाई," तो म्हणायचा, "वाऱ्याच्या गावात नांदायला आलीस आणि वाऱ्यालाच उंबऱ्याबाहेर उभं केलंस."

"इम्केची छाती भरते. दिसत नाही तुम्हाला?"

"मलाही छाती आहे."

"तुमची झाली वापरून," गेशे म्हणाली होती.

पण खिडकी काही बंद झाली नाही. तेव्हा एकदा तो बागेत गेलेला असताना गेशेने पेचकस घेतला आणि त्याच्या खिडकीची मूठच काढून घेतली. मूठ फिरवल्याशिवाय ती खिडकी उघडत नसे. संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला. चहा कपात ओतलेला होता, तळाची खडीसाखर गरम चहाने तडतडत होती. "मूठ दे," म्हणाला. तिने साय चमच्याने अलगद सोडली आणि कप पुढे सरकवला. "चहा घ्या, बाबा."

फोकोला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा. मी इथे समुद्रात काय करू?"

शरदात म्हाताऱ्याने अंथरूण धरलं. या हवेला वासच नाही, असं म्हणायचा. वास नसलेली हवा मेलेली असते.

त्या दुपारी फिल्टर घेऊन गेशे घरात शिरली. दार ओढलं तसा बाहेरचा वारा कापल्यासारखा थांबला. घरात पूर्ण शांतता होती. इम्के शाळेतून परस्पर मैत्रिणीकडे जाणार होती. म्हाताऱ्याच्या खोलीचं दार उघडं होतं. तो पलंगावर उठून बसला होता, हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानांपर्यंत चढलेले. ओठ निळे पडले होते.

"गेशे..." आज सूनबाई नव्हतं. "खिडकी..."

"यंत्र चालू आहे, बाबा. बाहेरच्यापेक्षा स्वच्छ हवा आहे आत."

"फटभर... नुसती फट..."

"डॉक्टर काय म्हणाले? फुप्फुसं संपलीत. खिडकीने काही फरक पडायचा नाही."

"मग उघडायला... तुझं काय जातं?"

मूठ तिच्या खिशातच होती. बोटांना तिचा गार धातू लागला. आज उघडली की उद्या उघडा, परवा उघडा, असं तिच्या मनात आलं. आणि आणखीही एक गोष्ट होती, ती तिने पुढे कधी कुणाला सांगितली नाही. म्हाताऱ्याने हात जोडले तेव्हा तिला पोटात कुठेतरी बरं वाटलं. इतक्या वर्षांच्या टोमण्यांवर कुणीतरी गार पाणी ओतल्यासारखं.

"नाटक पुरे," ती म्हणाली, आणि फिल्टर घेऊन माळ्यावर गेली.

फिल्टर बदलताना यंत्र बंद करावं लागतं. तिने ते बंद केलं. नेहमीची बारीक घरघर थांबली आणि घर कानात बोळे घातल्यासारखं झालं. जुने फिल्टर तिने सावकाश काढले. काळे पडले होते. खोकं पुसलं, कोपरे पुसले. घाई कशाची होती? बाहेर वादळ पोचलं होतं. खालून धप्... धप्... असं काहीतरी ऐकू येत होतं. वाऱ्याने कुठलं तरी फाटक आपटत असेल, असं तिने मनाशी ठरवलं. मग तो आवाजही थांबला, आणि त्यानंतर तिने यंत्र सुरू केलं.

खाली आली तेव्हा म्हातारा पलंगावर नव्हता. तो खिडकीशी गुडघे टेकून बसला होता. गाल काचेला लागलेला. ओठ खिडकीच्या कडेच्या रबरावर घट्ट दाबलेले, वासरू आचळाला लागावं तसे. काच त्याच्या हाताच्या ठशांनी भरली होती.

शेजारची तोम्माकाकू म्हाताऱ्याला आंघोळ घालायला आली. गावात कुणी गेलं की हे काम तिचंच. आत येताच तिने आधी खिडकीकडे पाहिलं.

"उघडली होतीस ना गं? प्राण गेल्याबरोबर?"

"मूठ मोडलीय," गेशे म्हणाली. "दुरुस्तीला दिलीय."

"मग तो गेला कुठून?"

"यंत्र आहे ना, काकू. जुनी हवा बाहेर टाकतं."

तोम्माकाकूने ओलं फडकं पिळलं. "आयलर्टला गाळून सोडणार होय? आता गाळायला काय उरलंय त्याच्यात?"

जाताना तिने चहा घेतला नाही. त्या मुलखात याहून मोठा अपमान नाही. फोको आला, बापाच्या शवपेटीपाशी पोरासारखा रडला, खिडकीबद्दल एक अक्षर बोलला नाही आणि पुन्हा समुद्रावर गेला. म्हाताऱ्याची खोली गेशेने धुऊन पुसून बंद केली.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी पाटीकडे पाहताना तिची नजर अडली. म्हाताऱ्याच्या बंद खोलीचा आकडा चढलेला होता. फार नाही. एखादं लहान मूल थोडा वेळ तिथे झोपून गेलं असावं, एवढा. दुसऱ्या दिवशी आणखी चढला. मग रोजच. आठवडाभरात तो थेट मोठ्या माणसाच्या झोपेइतका झाला.

तिने यंत्रवाल्या हिल्मरला बोलावलं. तो शीळ घालत आला, पाटी बघितली, नळ्या ठोकून बघितल्या. "पेटी बिघडली असेल. नाही तर कुणीतरी चोरून झोपायला येत असेल तुमच्याकडे, गेशेबाई," असं म्हणून स्वतःच हसला. "पण तुमच्या मुलीची खोली बघा! दारं-खिडक्या बंद, पोर झोपलेली, आणि पहाटेचा आकडा इतका कमी? असा आकडा मी कुणाच्या घरी पाहिला नाही. जोडणी कुणी केली होती? मी!"

गेशेला बरं वाटलं. खरंच, इम्केच्या खोलीचा आकडा रोज उतरत होता. तिने तो फोकोला फोनवर वाचून दाखवला, नणंदेला वाचून दाखवला. पोरगीही ताजीतवानी होती, बांधावर पळायची, धापसुद्धा लागायची नाही. औषधाचा फवारा कपाटात तसाच पडून होता.

हिल्मर गेल्यावर तिने दोन्ही खोल्यांतल्या पेट्यांची अदलाबदल केली. सकाळी पाहिलं. आकडे होते तिथेच होते. म्हाताऱ्याच्या खोलीत चढलेला, इम्केच्या खोलीत उतरलेला. म्हणजे पेटी बिघडलेली नव्हती.

दुपारी तिने त्या खोलीचं दार उघडलं. आत ओल्या गवताचा वास होता. गाळलेल्या, बिनवासाच्या त्या घरात गवताचा वास, पावसात भिजलेल्या गंजीत हात घातल्यासारखा, उबट. खोली रिकामी होती. पलंग रिकामा होता. फक्त खिडकीच्या कडेला, रबराजवळ, गुडघे टेकलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर, काचेवर वाफ धरली होती. तिने एप्रनने ती पुसली. बाहेरून असेल, म्हणाली. पण एप्रन ओला झाला होता. आणि ती बघता बघता वाफ पुन्हा धरली... विरली... पुन्हा धरली. सावकाश, झोपलेल्या माणसाच्या चालीने.

ती पाठीमागे न वळता दारापर्यंत आली आणि कुलूप लावलं.

त्याच संध्याकाळी जिन्यावरून उतरताना तिला इम्के दिसली. म्हाताऱ्याच्या दारापाशी ओणवी उभी होती, कुलपाच्या भोकाला तोंड लावून. गाल फुगवून हळूच आत फुंकत होती. मग थांबायची, कान लावायची, पुन्हा फुंकायची.

"इम्के! काय चाललंय?"

"काही नाही, आई."

"त्या दाराशी जायचं नाही. कळलं?"

"बरं," इम्के शहाण्या मुलीसारखी म्हणाली, आणि बाहुली उचलून खेळायला गेली. गेशेने भोकात कापूस कोंबला. सकाळी तो कापूस बाहेर, जमिनीवर पडलेला होता.

शेवटी ती तोम्माकाकूकडे गेली. म्हातारी बटाटे सोलत होती. गेशेने खिशातून खिडकीची मूठ काढली आणि टेबलावर ठेवली, बस्स.

तोम्माकाकूने मूठ उचलून उलटसुलट करून पाहिली. "मोडली नव्हती," म्हणाली.

"नाही."

"मागत होता?"

गेशेने मान हलवून हो म्हटलं.

"तू फार वाईट बाई आहेस, गेशे. पण मला त्याची काळजी आहे, तुझी नाही. जा, मूठ बसव, खिडकी सताड उघड, आणि त्याला म्हण, जा बाबा. अडकलाय तो. अडकलेलं माणूस घर खातं."

गेशे घरी आली तेव्हा दिवस मावळायला आला होता. हिवाळ्यात तिथे चहाच्या वेळेलाच अंधारायला लागतं. इम्के शेजारच्या येल्तोबरोबर बांधावर गेली होती. येल्तो तिच्या वर्गातला, दोघं एकाच बसने शाळेत जायची. गेशेने पेचकस घेतला, कुलूप उघडलं. वास इतका दाट झाला होता की तिला नाक धरावं लागलं. खोलीत श्वास ऐकू येत होता. खिडकीपाशी. म्हाताऱ्याचा खरखरता श्वास नव्हे. हलका, मोकळा, तरणाताठा श्वास होता तो. अंधुक उजेडात तिला मूठ बसवायला वेळ लागला. सगळा वेळ तो श्वास तिच्या मनगटावर लागत होता, ऊन ऊन.

"बाबा..." ती म्हणाली. "झालं ते झालं. आता जा."

तिने मूठ फिरवली आणि खिडकी ओढली.

वारा असा आत घुसला की पडदा छताला लागला. पलंगावरची चादर उडाली. दिवाणखान्यातलं दार आपटलं. आणि तिच्या गालाला घासून काहीतरी बाहेर गेलं. जाताना ते हसलं, असं तिला वाटलं. मिशीत हसावं तसं. मग नुसता वारा राहिला, खारा आणि थंडगार, आणि दूर बांधावर मेंढ्यांचा आवाज. गवताचा वास पार गेला होता.

ती पळत स्वयंपाकघरात गेली. आकडा डोळ्यांदेखत उतरत होता. उतरत उतरत चारशेवर येऊन टेकला. रिकाम्या खोलीचा आकडा! गेशे तिथेच जमिनीवर बसली आणि रडली. कितीतरी दिवसांनी तिने स्वतःसाठी चहा केला, तीन कप प्यायली, आणि अंथरुणाला पाठ टेकताच झोपली.

सकाळ स्वच्छ उजाडली होती. वारा पडला होता आणि कडक गारठा आला होता. गवताचं पातं न् पातं पांढरं. पाटीवरचे सगळे आकडे हिरवे होते. इम्केच्या खोलीचाही चारशे. गेशे त्या आकड्याकडे बघून हसली, आणि हसता हसता थांबली. चारशे म्हणजे रिकामी खोली. पण पोर तर आत्ता तिथूनच उठून आली होती.

इम्के दाराशी बूट घालत बसली होती. म्हणाली, "आई, तू आजोबांना सोडलंस का?"

गेशेच्या हातातला मफलर तसाच राहिला. "काय?"

"भोकातून हाक मारली तर ओ देत नाहीत."

"इम्के... काय म्हणतेस तू?"

"त्यांना श्वास नव्हता ना. तू खिडकी उघडली नाहीस म्हणून. ते भोकापाशी येऊन मागायचे, बोटभर दे गं, बोटभर दे गं. म्हणून मी द्यायचे. रोज थोडा थोडा." तिने बुटाची नाडी ओढली. "ख्रिसमसला सगळा परत देणार होते. शपथ घेतली होती त्यांनी. आता कुठून देतील?"

गेशेने तिला घट्ट धरलं. पोरगी ऊबदार होती. काळीज नीट ठोकत होतं. गाल लाल होते. "काय करतेस आई, बस जाईल," असं म्हणत इम्के तिच्या हातांतून निसटली आणि दप्तर पाठीवर टाकून धावत सुटली.

गेशे तशीच, सपाता घालून, तिच्यामागे रस्त्यापर्यंत गेली. थांब्यावर पोरं जमली होती. ओरडत होती, एकमेकांना ढकलत होती, आणि त्या थंडीत प्रत्येकाच्या तोंडातून पांढरी वाफ निघत होती. येल्तो तोंड गोल करून वाफेची वलयं सोडत होता. इम्के त्यांच्यात जाऊन उभी राहिली. ती बोलत होती, खदखदा हसत होती, घरापासून धावत आलेली होती. तिच्या तोंडापुढची हवा काचेसारखी स्वच्छ होती.

"इम्के..." गेशेने हाक मारली, पण पोरांच्या कल्ल्यात ती कुणाला ऐकू गेली नाही. बस आली. पोरं चढली. एकेका खिडकीवर आतून वाफ धरत गेली, सगळ्या काचा दुधाळ झाल्या. एकच काच लख्ख राहिली, आणि तिच्यामागून इम्केने आईला हात हलवून अच्छा केला. मग ती वळली. शेजारच्या खिडकीशी येल्तो बसला होता. तिने त्याच्या कानाशी तोंड नेऊन, एक बोट दाखवून, लाडाने काहीतरी मागितलं.

येल्तो हसला. त्याने मान डोलावली.

बस सुटली, आणि गेशे रस्त्यात उभी राहून बघत होती तोवर येल्तोच्या काचेवरची वाफ कडेने हळूहळू विरायला लागली.